गल्ला हलका, काच मोकळी

मुंबईतल्या मरोळहून एका ताईंचं पत्र आलंय. नवरा-बायको मिळून जनरल स्टोअर चालवतात, जागा अडीचशे चौरस फुटांची. सीप्झ या औद्योगिक वसाहतीतली आणि विमानतळाकडची शिफ्ट सुटली की गिऱ्हाईक येतं, म्हणून दुकान रात्री अडीचपर्यंत उघडं. अकरानंतर काउंटरवर त्यांचा भाचा आणि कामाला असलेला एक मुलगा. मागच्या महिन्यात पलीकडच्या गल्लीतल्या मेडिकलमध्ये बाइकवरून तिघं आले, कोयता दाखवला, गल्ला आणि दोन मोबाइल घेऊन गेले. ताई लिहितात: "यजमान म्हणतात काउंटरखाली लोखंडी रॉड ठेवू आणि आठ कॅमेरे लावू. भाचा म्हणतो मिरचीपूड पुरे. माझी मात्र झोप उडाली आहे. चाळीस हजारांपर्यंत खर्च झेपेल. आधी काय करावं? आणि बीटवरचे हवालदार साडेबाराला शटर पाडा म्हणतात, ते त्यांना सांगता येतं का?"

ताई, नमस्कार.

रॉड नको आणि मिरचीपूडही नको. काउंटरमागे जेमतेम अडीच फुटांची जागा असते, तिथे रॉड नीट उचलताही येत नाही. समोर कोयता असेल तर रॉड पाहून तो आधी चालतो. मिरचीपूड चालू पंख्याखाली उधळली की निम्मी आपल्याच माणसाच्या डोळ्यांत जाते. दोन-तीन हजारांसाठी भाच्याच्या मनगटावर वार होणं हा व्यवहार कुठल्याच हिशोबात बसत नाही. यजमानांना हे स्पष्ट सांगा, आमचं नाव घेऊन सांगितलंत तरी चालेल.

खर्चाचा क्रम असा धरा: आधी तिजोरी, मग उजेड, मग जाळीतली खिडकी, आणि उरलेल्या पैशांत कॅमेरे. आठ लागत नाहीत, चार पुरतात. बहुतेक दुकानदार नेमका उलट क्रम लावतात. पैसे कॅमेऱ्यांत संपतात आणि गल्ल्यात तीस हजार तसेच पडून राहतात.

लुटायचं की नाही हे दुकानात शिरल्यावर ठरत नाही, बाहेर ठरतं. रात्रभर उघड्या असणाऱ्या दुकानांचा हा प्रश्न अमेरिकेत आपल्याआधी आला. १९७५ च्या सुमारास सेव्हन-इलेव्हनच्या दक्षिण कॅलिफोर्नियातल्या दुकानांत एक प्रयोग झाला. सल्ला द्यायला तुरुंग भोगून आलेला एक माजी लुटारूही घेतला होता. काही दुकानांत गल्ल्यातली रोकड कमी केली, काचेवरची पोस्टरं काढली, काउंटर रस्त्यावरून दिसेल असा केला, उजेड वाढवला. बाकीची दुकानं होती तशीच ठेवली. बदल केलेल्या दुकानांत लुटी कमी झाल्या. लुटारू मुख्यतः दोन गोष्टी बघतात: पैसे किती मिळतील आणि सटकायला वाट कशी आहे. कॅमेरा त्यांच्या यादीत बराच खाली असतो, कारण तोंडाला रुमाल आणि डोक्यावर हेल्मेट असतंच.

म्हणून सुरुवात गल्ल्यापासून. रात्री दहानंतर गल्ल्यात फक्त दोन हजार ठेवा, तेही सुट्ट्याच्या रूपात: शंभरच्या आठ, पन्नासच्या दहा, वीसच्या वीस, दहाच्या वीस आणि शंभर रुपयांची नाणी. पाचशेची नोट गल्ल्यात जाताच कामा नये. ती हातात आली की थेट तिजोरीच्या फटीतून आत. गल्ला तीन हजारांवर गेला की हजार रुपये पाकिटात घालायचे, पाकिटावर वेळ, रक्कम आणि सही, आणि तेही आत.

ही तिजोरी म्हणजे वर किंवा पुढे फट असलेली, पैसे टाकता येतात पण चावीशिवाय काढता येत नाहीत अशी. घेताना फटीच्या आत आडवी वाकवलेली पट्टी आहे का ते बोट घालून पाहा. ती नसेल तर तारेला च्युइंगगम लावून नोटा ओढता येतात. तिजोरी नुसती ठेवून उपयोग नाही, चौघं मिळून उचलून नेतात. तळाला चार अँकर बोल्ट लागतात, १२ मिलिमीटरचे, आणि ते काँक्रीटमध्ये किमान चार इंच उतरले पाहिजेत. चूक इथेच होते. मुंबईतल्या जुन्या तळमजल्यांवर लादीखाली बऱ्याचदा नुसता भराव असतो. मिस्त्री लादीला भोक पाडून बोल्ट आवळतो, वरून घट्ट वाटतं, आणि पहारीच्या एका झटक्यात लादीसकट सगळं वर येतं. भराव असेल तर तेवढ्या जागेची लादी काढून सहा इंच काँक्रीट ओता, आठवडाभर पाणी मारा, मग बोल्ट. मिठी नदी तुमच्या भागातूनच जाते, गुडघाभर पाणी दुकानात शिरत असेल तर ओटा फूटभर उंच घ्या. नोटा भिजल्या तर बँकेत बदलून मिळतात, पण तो वेगळाच ताप.

चावी दुकानात नको. तुमच्याकडे घरी एक, दुसरी बँकेच्या लॉकरमध्ये. भाच्यालाही देऊ नका, त्याच्यावर विश्वास नाही म्हणून नव्हे, त्याला "चावी माझ्याकडे नाही" हे खरं बोलता यावं म्हणून. मग दारावर आणि काउंटरवर मराठी-हिंदीत ठळक पाटी लावा: "रात्री गल्ल्यात तीन हजारांपेक्षा जास्त रोकड नसते. तिजोरीची चावी दुकानात नसते. पाचशेचे सुट्टे मिळणार नाहीत." पाटी खरी असली तरच लावा. खोटी ठरली तर मार भाचा खाईल.

ही शिस्त कुठे ढिली पडते तेही सांगतो. क्रिकेटची मॅच, नवरात्र, थर्टी फर्स्ट. दुकानात झुंबड उडते, मुलगा पाचशेच्या नोटा बिस्किटाच्या डब्याखाली सरकवत जातो, "नंतर टाकतो" म्हणून. दीड वाजेपर्यंत डब्याखाली बारा हजार. गर्दीच्या रात्री तुम्ही किंवा यजमानांनी साडेअकराला एकदा जाऊन डबे उचलून बघायचे.

सिगारेटचं काय, हे तुम्ही विचारलं नाहीत, पण विचारायला हवं होतं. वजनाला हलकी, किमतीला भारी, विकायला सोपी, त्यामुळे रोकड नाही मिळाली की हात तिकडेच जातो. अकरानंतर काउंटरवर प्रत्येक ब्रँडचं एकच पाकीट, बाकी कुलूपबंद कपाटात. आणि तुमचा साउंडबॉक्स मोठ्या आवाजात चालू ठेवा. "पंच्याऐंशी रुपये प्राप्त झाले" हे फुटपाथवर ऐकू आलं की इथला धंदा बँकेत जातो, गल्ल्यात नाही, हेही ऐकू येतं. फक्त रोज संध्याकाळी आपल्या क्यूआर कोडवर कुणी दुसरा चिकटवून गेलंय का ते स्वतः एक रुपया पाठवून तपासा.

आता काच. आज रात्री साडेअकराला रस्ता ओलांडून समोरच्या फुटपाथवर उभ्या राहा आणि बघा: काउंटरवरच्या मुलाचे हात दिसतात का? बहुतेक नाही दिसणार. वेफर्सच्या माळा, शाम्पूच्या लड्या, आइस्क्रीमचं पोस्टर, दाराला लागून कंपनीने दिलेला कोल्ड्रिंकचा फ्रीज. जमिनीपासून तीन ते सहा फूट हा पट्टा काचेवर पूर्ण मोकळा हवा. पोस्टर त्याच्या वर किंवा खाली लावा. फ्रीज मागच्या भिंतीला हलवा. कंपनीचा माणूस कुरकुर करेल, कारण त्याला फ्रीज दर्शनी हवा असतो, पण दुकान तुमचं आहे. मधले रॅक साडेचार फुटांहून उंच नकोत, नाहीतर त्यामागे वाकलेला माणूस काउंटरवरून दिसत नाही. दुकान बाहेरून दिसण्यात दुसरी अडचण म्हणजे पावसाळा. जूनमध्ये पुढे निळं प्लास्टिक बांधलं जातं आणि चार महिने दुकान बाहेरून आंधळं होतं. बांधायचंच तर उतार देऊन सहा फुटांच्या वर बांधा आणि कडेला लोंबू देऊ नका.

उजेडाबाबत एक गैरसमज जवळपास सगळ्यांचा असतो: आत ट्यूब वाढवल्या की झालं. आत लख्ख आणि बाहेर अंधार असेल तर रात्री काच आतल्या माणसासाठी आरसा होते. भाच्याला स्वतःचंच तोंड दिसतं, बाहेर बाइकवर बसून न्याहाळणाऱ्याला मात्र सगळं दुकान दिसतं. म्हणून दिवे बाहेर लावा. तीस वॉटचे दोन एलईडी फ्लडलाइट, दहा फुटांवर, तोंड खाली आणि थोडं बाहेर. थेट समोर रोखले तर येणाऱ्याचे डोळे दिपतात आणि कॅमेऱ्यात चेहऱ्याऐवजी पांढरा डाग येतो. पांढरा उजेड घ्या; पिवळ्यात शर्ट निळा की काळा हे फुटेजमध्ये कळत नाही. पावसाचं पाणी सोसणारे, आयपी ६५ लिहिलेले, अर्थिंग नीट केलेले. लोहार चाळीत वाजवी भावात मिळतील. कसोटी सोपी: काउंटरवर उभं राहून पंधरा फुटांवरच्या माणसाचा चेहरा ओळखू आला पाहिजे.

बाहेर नजर ठेवायची ती कशावर, हे मुलांना नेमकं सांगा. दोघं आत येतात आणि तिसरा हेल्मेट न काढता, इंजिन चालू ठेवून, तोंड रस्त्याकडे करून बसतो. किंवा एकच माणूस अर्ध्या तासात दोनदा येतो, काही घेत नाही, छताकडे आणि काउंटरमागे बघतो. अशा वेळी संशय बोलून दाखवायचा नाही. नजरेला नजर देऊन "या दादा, काय देऊ?" एवढंच म्हणायचं. आपल्याला नीट पाहिलं गेलंय हे कळलं की नुसता अंदाज घ्यायला आलेला बहुधा काढता पाय घेतो. तुमचीच स्कूटर दारासमोर आडवी लावली तर दाराला भिडवून बाइक उभी करता येत नाही, तेवढाच अडथळा.

साडेबारानंतर मात्र गिऱ्हाईक आत घेऊ नका. शटर वर, चॅनेल गेट बंद, आणि विक्री जाळीतल्या खिडकीतून. रात्रीची मेडिकल दुकानं हेच करतात. खिडकी नऊ बाय नऊ इंच, जमिनीपासून साडेतीन फुटांवर. दुधाची पिशवी, पाव, सहा अंडी त्यातून जातात, माणूस जात नाही. वेल्डरला बजावून सांगायची गोष्ट: गेटची कडी आणि कुलूप खिडकीपासून किमान तीन फूट लांब हवं. आम्ही म्हणतो म्हणून नका मानू, खिडकीतून खांद्यापर्यंत हात घालून स्वतः चाचपा, बोटं कडीला लागली तर खिडकीचा उपयोग नाही. गेटच्या दोन पट्ट्यांतलं अंतर जास्त असेल तर आतून जाळी मारून घ्या. पैसे आधी, माल नंतर.

कुलूप आतून, आणि त्याची चावी आतल्या माणसाच्या हाताशी, खिळ्याला. बाहेरून कुलूप घालून मुलाला आत झोपवायची पद्धत तुमच्या आसपास अजून आहे. डिसेंबर २०१७ मध्ये साकीनाक्याच्या खैरानी रोडवर फरसाणच्या दुकानाला आग लागून १२ कामगार मेले. चोरापासून वाचवायला माणूस कोंडून ठेवू नका.

दोन माणसं असणं चांगलं, पण दोघंही काउंटरमागे मोबाइलवर असतील तर एकच माणूस असल्यासारखं आहे. एक काउंटरवर, दुसरा पुढे, माल लावत. फ्लोरिडातल्या गेन्सविल शहराने १९८७ मध्ये रात्री दोन कर्मचारी सक्तीचे केले होते. लुटी घटल्या, पण त्या दुसऱ्या माणसामुळेच का, यावर अभ्यासकांत वाद झाला. त्यामुळे दुसऱ्या माणसावर सगळी भिस्त ठेवू नका.

सगळ्यात वाईट वेळ बंद करतानाची: शटर अर्धं खाली, रस्ता सुनसान, मुलगा दमलेला, आणि गल्ला काउंटरवर मांडून मोजणी चाललेली. मोजणी अर्ध्या शटरमागे कधीही नको. एकाने बाहेर पडून दोन्ही बाजूंना नजर टाकायची, मग शटर पूर्ण खाली, मग हिशोब. रात्री घरी रोकड न्यायची नाही, दोन हजारही नाही. तिजोरी सकाळी तुम्ही उघडायची आणि भरणा दिवसा, रोज वेगळ्या वेळी, भाजीच्या पिशवीतून. रेक्झिनची काळी बॅग घेऊन रोज साडेदहाला निघणारा दुकानदार सगळ्या नाक्याला माहीत असतो.

कॅमेरे. लॅमिंग्टन रोडवर चार कॅमेऱ्यांचा सेट मिळतो, त्यात साधारणपणे रुंद कोनाची लेन्स असते, २.८ मिलिमीटरची. ती दुकान सगळं दाखवते आणि चेहरा कुणाचाच नाही. चेहरा पटण्यासाठी चित्रात एका मीटरला सुमारे २५० पिक्सेल लागतात. दोन मेगापिक्सेलच्या चित्राची रुंदी १९२० पिक्सेल, म्हणजे चित्रात साडेसात मीटरपेक्षा जास्त रुंदी आली की चेहरा गेला. म्हणून दाराकडे बघणारा एक कॅमेरा ६ मिलिमीटर लेन्सचा घ्या आणि तो सात फुटांपेक्षा वर लावू नका. छताला लावलेला कॅमेरा टोपी आणि हेल्मेट छान टिपतो. दारामागे रस्त्याचा उजेड असतो, तेव्हा डब्ल्यूडीआर (उजेड आणि सावली दोन्ही सांभाळणारी सोय) असलेलाच घ्या, नाहीतर येणारा माणूस काळी आकृती दिसतो. दुसरा काउंटरच्या पलीकडे उभ्या गिऱ्हाइकावर, तिसरा मागच्या रॅककडे, चौथा बाहेर, बाइकची नंबरप्लेट येईल असा. दाराच्या चौकटीला आतून पाच, साडेपाच आणि सहा फुटांवर रंगीत पट्ट्या चिकटवा, फुटेजमध्ये उंची कळते.

डीव्हीआर, म्हणजे फुटेज साठवणारा डबा, काउंटरखाली ठेवतात आणि चोर तोच उपटून नेतात. तो पोटमाळ्यावर, कुलूपबंद पण हवा खेळेल अशा लोखंडी खोक्यात हवा, जोडीला छोटा यूपीएस. चारही कॅमेरे दोन एमबीपीएसने चालले तर दिवसाला सुमारे ८६ जीबी होतात, म्हणजे १ टीबीची डिस्क अकरा-बारा दिवसांत भरून पुन्हा पुसली जाते. महिनाभर हवं तर ४ टीबी लागेल, आणि कॅमेऱ्यांसाठीची डिस्क मागा, कॉम्प्युटरची साधी लवकर बसते. दर महिन्याला काल रात्री एक वाजताचं फुटेज उघडून बघा. घड्याळ वीस मिनिटं मागे, लेन्सवर कोळ्याचं जाळं, डिस्क बंद पडून तीन आठवडे झालेले, यातलं काही ना काही निघतंच.

अलार्म लावलात तर लुटारू आत असताना भोंगा वाजणारा नको. तो बिथरतो आणि हातात कोयता असतो. काउंटरखाली बटण आणि तुम्हाला व शेजारच्या दुकानदाराला गुपचूप फोन जाईल असा घ्या. भोंगा शटर फोडणाऱ्यासाठी.

आणि एवढं करूनही कुणी आलंच, तर मुलांनी काय करायचं ते आधी दोन-तीनदा करून घ्या, नुसतं सांगून होत नाही. हात दिसतील असे वर. "देतो, घ्या" म्हणायचं. हलण्याआधी बोलायचं: "गल्ला खाली आहे, उघडतो." मागितलं ते द्यायचं, मोबाइलसकट. दाराच्या वाटेत उभं राहायचं नाही. टक लावून बघायचं नाही. एकच गोष्ट लक्षात ठेवायची, पायातलं. जॅकेट पुढच्या गल्लीत निघतं, चपला-बूट तेच राहतात. ते गेले की मागे धावायचं नाही, कुठल्या दिशेने गेले एवढंच बघायचं, शटर खाली, आणि ११२. फोन गेलेला असेल म्हणून एक जुना साधा फोन चार्ज करून तांदळाच्या पोत्यामागे ठेवा.

पोलीस येईपर्यंत काउंटर पुसायचा नाही, पाणी मारायचं नाही. दोघांनी आपापसांत बोलण्याआधी वेगवेगळ्या कागदावर वर्णन लिहायचं. बोलले की दोघांच्या आठवणीत एकच माणूस तयार होतो. डीव्हीआरचं घड्याळ किती पुढे-मागे आहे ते नोंदवा आणि फुटेज पंचनाम्यात द्या, व्हॉट्सॲपवर फिरवू नका. शस्त्र दाखवून लुटलं असेल तर ती भारतीय न्याय संहितेच्या कलम ३०९ ची जबरी चोरी, पाच किंवा जास्त जण असतील तर कलम ३१० चा दरोडा. एफआयआरमध्ये साधी चोरी लिहिली जात असेल तर कोयत्याचा उल्लेख आहे का ते वाचूनच सही करा. प्रत फुकट मिळते. मोबाइलचे आयएमईआय (प्रत्येक फोनचा ओळख क्रमांक) आजच वहीत उतरवून ठेवा, सरकारच्या संचार साथी पोर्टलवर तक्रारीच्या आधारे फोन बंद करता येतो. दुकानाचा विमा असेल तर रोकडीचं कलम वेगळं वाचा. रात्री तिजोरीबाहेर असलेल्या पैशांची भरपाई बऱ्याच पॉलिसींत मिळत नाही.

कामावरच्या मुलाचं काय, हा प्रश्न नाजूक आहे, पण टीप कधीकधी आतूनच, किंवा कामावरून काढलेल्याकडून जाते. फोटो, आधार, गावचा पत्ता घेऊन पोलीस ठाण्यात पडताळणी करून घ्या. कुणी सोडून गेलं की त्या दिवशी कुलूप बदला आणि भरण्याची वेळही.

हवालदारांचं: महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्यानुसार दुकान चोवीस तास उघडं ठेवता येतं, प्रत्येक कामगाराला आठवड्याची सुट्टी दिली की झालं. वेळेची बंधनं दारू देणाऱ्या ठिकाणांसारख्या आस्थापनांना आहेत, किराणा दुकानाला नाहीत. तरी रस्त्यावर वाद घालू नका. दुकानाच्या नोंदणीची किंवा सूचनेच्या पावतीची प्रत घेऊन दिवसा वरिष्ठ निरीक्षकांना भेटा, अडीचपर्यंत दुकान चालतं हे लेखी द्या, पोच घ्या, आणि त्याच अर्जात रात्री एक ते अडीचच्या दरम्यान गस्तीची एक फेरी तुमच्या दारावरून न्यावी अशी विनंती करा.